अक्काची मान

अक्काला मागून हाक मारली की ती मान वळवत नसे, अख्खी वळायची. आधी पाय, मग कंबर, मग खांदे आणि सगळ्यांत शेवटी चेहरा. अरुंद बोळात बैलगाडी वळवावी तशी. कुरुंद्याला तिच्या घरी गेले की मी हे पाहायची, आणि कितीतरी दिवस मला वाटत राहिलं की वयानं ती सावकाश झाली आहे. जवळच्या माणसाचं दुखणं आपल्याला त्याचा स्वभावच वाटायला लागतं.

ती गेली त्याला आता दुसरा उन्हाळा लागला. तिला नेणारा आजार वेगळा होता, मानेशी त्याचा काही संबंध नव्हता, आणि त्याच्याविषयी लिहायला मला अजून जमत नाही. मानेविषयी लिहिता येईल असं वाटतं. ते दुखणं आम्ही दोघींनी मिळून बरं केलं होतं. आम्हा बहिणींच्या हातून पुरतं झालेलं ते एक काम.

मी वसमतला शाळेत मराठी शिकवते. उत्तरपत्रिका मांडीवर घेऊन तपासायच्या आणि उशी दुमडून वाचत पडायचं, या सवयींनी माझी मान अक्काच्या आधी दवाखान्यात पोचली होती. उजव्या खांद्यापासून कानामागपर्यंत कुणीतरी दोरी ताणून बांधल्यासारखं व्हायचं. गोळ्या झाल्या, मलम झालं, मेडिकलमधून आणलेला गळपट्टा झाला. शेवटी शाळेतल्या एका बाईंनी फिजिओथेरपीच्या दवाखान्याचा पत्ता दिला. तिथल्या डॉक्टर वयानं माझ्या जुन्या विद्यार्थिनींएवढ्या. त्यांनी आधी तो गळपट्टा काढायला लावला, मग काही व्यायाम दिले. इतके साधे की मला फसवल्यासारखं वाटलं. ताठ बसून हनुवटी मागं घ्यायची, थोडं थांबायचं, सोडायची. कपाळाला तळहात लावायचा आणि डोक्यानं हाताला, हातानं डोक्याला रेटायचं, पण दोघांनीही जागा सोडायची नाही. पाठीतली खांद्यांची दोन्ही पाती जवळ आणायची. असंच काही. मी सकाळ-संध्याकाळ करत राहिले, काही आठवडे गेले, आणि एक दिवस ऑटोतून उतरल्यावर छत्री सीटवर राहिली का ते मागं वळून पाहिलं. छत्री हातातच होती. मान मात्र वळली होती, आणि मला ते कळलंही नव्हतं.

त्याच सुमारास कुरुंद्याला गेले. अक्काला हाक मारली, ती नेहमीसारखी अख्खी वळली, आणि मला पहिल्यांदा ते दुखणं म्हणून दिसलं.

"कधीपासून दुखते गं मान?"

"कोन्ती मान?"

"तुझी."

"ती व्हय? ती तर दुखतेच."

अक्काचं घर हळदीचं. हळद खणून निघाली की गड्ड्यापासून कांड्या मोडायला बायका दिवस दिवस उकिडव्या बसतात, मान खाली घालून. मग शिजवणं. शिजवायचं यंत्र आता शेतातच येतं, पण शिजलेली वाफाळती हळद वाळवायच्या जागेपर्यंत जाते ती बायकांच्या डोक्यावरून. लुगड्याच्या जुन्या धडप्याची चुंबळ करायची, ती डोक्यावर ठेवायची, तिच्यावर टोपलं. लग्न होऊन आल्यापासून अक्का हेच करत आली होती. हळद नसेल तेव्हा कडबा, कडबा नसेल तेव्हा पाणी. आता तिच्या डाव्या हाताला मुंग्या येत. सकाळी उठताना ती एका हातानं स्वतःचं डोकं धरून उचलायची. गावातल्या एका नस बसवणाऱ्या माणसानं तिच्या मानेला हिसडाही दिला होता. त्यानंतर ती आठवडाभर पडून होती.

मी दवाखान्यात चल म्हटलं की ती हसण्यावारी न्यायची. "माझ्या मानेला काय पेपर तपासायचे हायेत?" दाजी, तिचे मालक, बाजेवर बसून ऐकायचे. ते मुळातच कमी बोलणारे. पण एकदा मी निघाले तेव्हा फाट्यापर्यंत सोडायला आले आणि मोटारसायकल थांबवून म्हणाले, "झालीचं सांगा तिला. मंग येईन ती."

झाल म्हणजे काय ते आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांना ठाऊक नसेल. लग्न लागलं, जेवणं झाली, आता मुलगी निघायची, त्या वेळी मुलीकडचे लोक वेळूच्या दुरडीत कणकेचे दिवे लावून आणतात. ती दुरडी नवऱ्या मुलाच्या घरच्यांच्या डोक्यावर एकेक करून धरतात. पहिली आईच्या. बायका गाणी म्हणत असतात, मुलीची आई रडत असते. त्या दुरडीखाली उभं राहिलं म्हणजे मुलगी पदरात घेतली. अक्काच्या लग्नात तिच्या सासूनं झाल घेतली होती ती दुरडीला हात न लावता, आणि एकही दिवा हलू दिला नव्हता. ते आमच्या आईनं, मावशांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की मी तेव्हा लहान असूनही मला ते पाहिल्यासारखं वाटतं. अक्काला एकच मुलगा. त्याच्यासाठी नरसीकडची एक मुलगी पाहणं चाललं होतं. सुनेची झाल आपल्या सासूसारखी घ्यायची, हे अक्काच्या मनात किती वर्षांपासून होतं कुणास ठाऊक.

मी पुढच्या खेपेला तिला एवढंच म्हटलं, "डोक्यावर तांब्या ठेवला तरी तुझी मान लटपटते. झाल कशी घेशील?"

पुढच्या सोमवारी ती वसमतच्या बसमधून एकटी उतरली.

दवाखान्यात तिचे एक्स-रे पाहून झाले, हाताची ताकद तपासून झाली. डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, डोक्यावर ओझं नेता का?"

"मंग काय खिशात नेऊ?"

डॉक्टर हसल्या. त्यांनी तिला सांगितलं की ओझं आता बंद, निदान मान सुधारेपर्यंत. मानेला नुसता आराम दिला तर ती आणखी आळसावते, म्हणून तिला काम द्यायचं, पण बेतानं. हाताला मुंग्या वाढल्या, चक्कर आली, तर तिथंच थांबायचं. मग हनुवटी मागं कशी घ्यायची ते दाखवलं. अक्काला ते लगेच जमलं. "हे तर सासरा दारात आला की आमी करायचो तसंच हाय," ती म्हणाली. पाठीतली पाती जवळ आणताना मध्ये पेन्सिल धरली आहे असं समजा, असं डॉक्टर म्हणाल्या, तर हिनं विचारलं, "हळकुंड धरलं तर चालंल का?" चालेल म्हणाल्या.

हाताला रेटायचा व्यायाम मात्र तिच्या डोक्यात शिरेना. हात रेटला की मान मागं जायची, मान रेटली की हात. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं, "जोर दोघांनी लावायचा मावशी, पण जागेवरून कुणीच हलायचं नाही."

"असं व्हय," अक्का म्हणाली, "आमच्या घरात रोजच चालते ते."

घरी गेल्यावर तिनं दाजींनाच कामाला लावलं. संध्याकाळी शेतातून आले, हातपाय धुतले की ते ओट्यावर तिच्यासमोर बसायचे आणि आपला तळहात तिच्या कपाळाला लावायचे. मग डाव्या कानशिलाला, मग उजव्या, मग मागून. मी एका रविवारी हे पाहिलं. तिच्या डोळ्यांवर त्यांच्या हाताची सावली होती. शेजारची म्हातारी गवऱ्या घेऊन चालली होती, ती थांबून म्हणाली, "काहो, अंगात येऊन राहिलं का हिच्या? अंगारा बिंगारा लावून राहिले?"

"येऊन राहिलं," दाजी म्हणाले. "तुमीबी या, तुमच्याबी कपाळाला लावतो."

म्हातारी बडबडत निघून गेली. मी दाजींना थट्टा करताना पाहिलं ते बहुधा तेवढंच.

अक्का हळूहळू सुधारली. ओझं बंद झाल्यानं तिला चोरट्यासारखं वाटायचं, जाऊबाईच्या डोक्यावर टोपलं पाहिलं की ती तोंड फिरवायची. पण तोंड फिरवता येऊ लागलं होतं, हेही खरं. मुंग्या कमी झाल्या. सकाळी डोकं हातानं उचलावं लागेना. नरसीकडची सोयरीक पक्की झाली आणि लग्न वैशाखात धरलं. त्या दिवशी तिनं फोनवर मला पहिलं काय सांगितलं असेल, तर "डॉक्टरीणबाईला विचार, दुरडी चालंल ना?" मी विचारलं. पाच-दहा मिनिटं असेल तर चालेल, त्या म्हणाल्या, पण तोवर व्यायाम सोडायचा नाही.

त्या थंडीत दाजी गेले. पाणी द्यायला शेतात गेले होते, छातीत दुखलं, बांधावर बसले. वसमतला आणेपर्यंत काही राहिलं नव्हतं.

आमच्याकडे भेटायला येणाऱ्या बायका दारातूनच गळा काढतात आणि घरच्या बाईच्या गळ्यात पडून रडतात. नुसतं हात धरून बसणं म्हणजे आलोच नाही असं होतं. अक्का कोपऱ्यात भिंतीला बसलेली. एकेक बाई यायची, तिच्या मानेभोवती दोन्ही हात टाकायची, तिचं डोकं आपल्या छातीशी ओढून डोलत रडायची. ती उठली की दुसरी. बस आली की पाच-सहा एकदम. ज्या मानेला आम्ही इतके महिने जपलं होतं, ती दिवसभर अशी खाली ओढली जात होती. त्यांचं रडणं खोटं नव्हतं. दाजी सगळ्यांनाच प्रिय होते. मी काय सांगणार होते त्यांना? मान सोडा म्हणून?

मी अक्काच्या मागं जाऊन बसले आणि तिच्या मानेखाली हात घालून आधार देत राहिले. एका लांबच्या आत्यानं ते पाहिलं. "बाई, रडू दे ना तिला मोकळं," ती मला म्हणाली. "काहून धरून राहिली?"

मी हात काढला.

तेराव्यापर्यंत अक्काची हनुवटी छातीला टेकलेलीच होती. काही दुःखानं, काही दुखण्यानं. कुठलं किती, ते तिलाही सांगता आलं नसतं. कपाळ कोरं झालं होतं. तिला भेटायला गेले की तिच्या डोक्याचा मधला भांगच मला दिसायचा. मी व्यायामाचा विषय काढला नाही. काढायला तोंडच नव्हतं.

लग्नाचं मात्र ठरलं ते ठरलं. घरात कुणी गेलं तर वर्षाच्या आत कार्य उरकायचं, नाहीतर मग तीन वर्षं थांबायचं, अशी आमच्याकडची रीत. तीन वर्षं थांबायला मुलीकडचे तयार नव्हते आणि अक्कालाही ते नको होतं. वैशाख कायम राहिला.

हळद शिजवणं चालू असताना मी एकदा गेले. घरात कुणी नव्हतं, सगळे शेतात. अक्का ओट्यावर बसली होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "ते हाताचं कसं होतं गं? आधी कपाळ का आधी कान?"

"कपाळ."

तिनं आपला हात वर नेला आणि कपाळाला लावला. तळहात जिथं टेकला तिथं पूर्वी कुंकू असायचं. ती रेटत राहिली. मी समोर बसले होते, मला वाटलं आपला हात पुढं करावा, आणि मग वाटलं की नको. तिचे डोळे मिटलेले होते. बराच वेळ झाला तरी तिनं हात काढला नाही. मी "सोड आता" म्हटलं तेव्हा तिनं डोळे उघडले आणि ती कुठूनतरी लांबून आल्यासारखी माझ्याकडे पाहू लागली.

त्यानंतर तिनं एक दिवसही चुकवला नाही. मला ते जावेकडून कळायचं. पहाटे उठून भिंतीला पाठ लावून बसते, हनुवटी मागं घेते, हात रेटते, पाठीत हळकुंड धरते. मार्च सरताना मान वर आली होती. एप्रिलमध्ये ती माझ्या हाकेला वळली ती फक्त मानेनं.

आणि मला भीती वाटायला लागली. कारण ही मान कशासाठी तयार होते आहे ते मला माहीत होतं, आणि दाजी गेल्यावर ती दुरडी तिच्या डोक्यावर कुणी ठेवणार नाही, हेही माहीत होतं. अशा वेळी झाल घेतात ते दीर-जाऊ, नाहीतर चुलतचुलती. आईला कुणी मुद्दाम नाही म्हणत नाही. तिला फक्त कुणी बोलावत नाही. ती स्वयंपाकघराकडे असते, नाहीतर मागच्या खुर्च्यांवर, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही की ती समोर नाही. मी अशी कितीतरी लग्नं जेवून आले आहे.

मी आधी भाच्याशी बोलले. तो म्हणाला, "मावशी, माझी आईच घेईन झाल. दुसऱ्या कोनाच्या डोक्यावर ठेवली तर मी मांडवातून उठतो." मग मी नरसीला गेले, मुलीच्या आईकडे. अंगानं भरलेली, आवाज मोठा, दारात मेंढ्या-शेळ्यांचा गलबला. मी पुस्तकी बाई, बसमध्ये वाक्यं जुळवत गेले होते. ती सगळी वाक्यं तिनं ऐकून घेतली, चहाची बशी माझ्याकडे सरकवली.

"झालं का तुमचं भाषण, मॅडम?"

"झालं."

"मंग माझं ऐका. माझी पोरगी कोनाच्या घरी चालली? त्यांच्याच ना? रोज भाकर कोनासंग खाईन? त्यांच्यासंगच ना? मंग मी झाल काय दुसऱ्याच गल्लीतल्या बाईच्या डोक्यावर देऊ?" ती नवऱ्याकडे वळली. "तुमची तकलीफ असंल तर आत्ताच बोला." नवऱ्यानं कुठलीच तकलीफ नसल्याचं मान हलवून सांगितलं. "आमच्या म्हाताऱ्या बोलतीन," ती मला म्हणाली. "बोलू द्या. मी पाहून घेते."

परतताना बसमध्ये मला इतकं हलकं वाटत होतं की पुस्तक काढलं आणि वाचलंच नाही. अक्काला मी यातलं काही सांगितलं नाही. तिला ते त्या क्षणी कळावं असं मला वाटत होतं.

लग्न वसमतजवळच्या एका कार्यालयात झालं. अक्का पांढऱ्या ठिपक्यांचं फिकट निळं लुगडं नेसली होती. दिवसभर ती भटारखान्याच्या बाजूलाच होती. पाहुण्यांना पाणी, वरणात मीठ, कुणाच्या लेकराला दूध. अक्षतांच्या वेळी मागच्या रांगेत उभी राहून तिनं अक्षता टाकल्या. तिची मान सरळ होती. मी तिला सारखी पाहत होते.

ऊन उतरलं तेव्हा झाल आली. दुरडीत दिवे लागलेले, पंख्याच्या वाऱ्यानं विझू नयेत म्हणून एका मुलीनं पदर आडवा धरलेला. बायकांनी गाणं सुरू केलं. जाऊबाई सवयीनं पुढं सरकल्या, डोक्यावर पदर घेतला. विहीणबाईंनी दुरडी दोन्ही हातांत उचलली आणि सगळ्या कार्यालयाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पोराची आई कुठं हाय? या विहीणबाई. या इकडं."

गाणं थोडं अडखळलं. पुन्हा सुरू झालं.

अक्का खांबाजवळ उभी होती. सगळ्यांची तोंडं तिच्याकडे वळली. एक-दोन म्हाताऱ्या आपसांत बोलल्या, पण कुणी अडवलं नाही. भाचा हसत होता. अक्कानं पायातली चप्पल काढली. पदर पुढं घेतला. ती चालत आली, सावकाश, खांदे सैल, हनुवटी आत, डॉक्टरांनी शिकवलं होतं अगदी तशी. ती दुरडीसमोर उभी राहिली. दिव्यांचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला. तिनं नव्या सुनेकडे पाहिलं. ती पोरगी रडून रडून सुजलेल्या डोळ्यांनी तिच्याकडेच पाहत होती.

मग अक्कानं जावेचं मनगट धरलं आणि तिला दुरडीखाली ओढलं.

"हिच्या डोक्यावर द्या," ती म्हणाली.

"अवो बाई, काहून असं करून राहिल्या?" जाऊ रडवेली झाली. "तुमाला बोलावलंय ना!"

"द्या म्हनलं ना."

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार होते? दिवे जळत होते, गाणं चालू होतं. दुरडी जावेच्या डोक्यावर टेकली. रडू आवरताना तिची मान थरथरत होती, एक दिवा कलंडायला आला. अक्का तिच्या मागं गेली. तिच्या कानाशी वाकून ती काहीतरी पुटपुटत होती. लोकांना वाटलं असेल आशीर्वाद, नाहीतर देवाचं काही. मी जवळ होते, मला ऐकू आलं.

"हनुवटी आत घे. अशी. खांदे सोड. समोर पाह्य, खाली नको पाहूस."

जावेची मान स्थिर झाली. दुरडी पुढं दिराच्या डोक्यावर गेली, मग चुलतसासऱ्याच्या. मुलगी निघाली. सगळं रीतीप्रमाणे झालं.

मी कुरुंद्यालाच थांबले. त्या संध्याकाळी ती माझ्यासमोर आलीच नाही, कामाला काम काढत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या अंगणात गेले तर ती दगडावर बसून लग्नाची दुरडी रिकामी करत होती. नारळ, खणाचं कापड बाजूला काढून ठेवलं होतं. दुरडीत विझलेले कणकेचे दिवे उरले होते, वाळून तडे गेलेले, तेलानं काळे पडलेले. गुरांना घालायचे होते.

मी वर्गात या रीतींविषयी तावातावानं बोलते. मुलांकडून निबंध लिहून घेते. त्यातलं एकही वाक्य मला तेव्हा सुचलं नाही. मी फक्त विचारलं, "काहून गं, अक्का? सगळे तयार होते."

तिनं एक दिवा हातात घेऊन त्यातली जळकी वात खुडून टाकली.

"व्हय. सगळे तयार होते," ती म्हणाली. "मीबी तयार होते. चप्पल काढेपर्यंत तयार होते."

"मग?"

"तिच्याकडं पाहिलं अन् मनात आलं, उद्या हिला साधा ताप आला तर? लेकरू लवकर न्हाई झालं तर? गाडीवरून हा पडला तर?" भाच्याविषयी बोलत होती. "लोक माझ्याकडं पाहतीन."

"लोकांचं काय घेऊन बसलीस?"

"लोकांचं न्हाईच गं. लोकांना मी भ्याले असते का?" ती पहिल्यांदाच माझ्याकडे वळून बघत होती. "मीच पाहिलं असतं माझ्याकडं. दर खेपेला. जलमभर. ते कसं धरू मी डोक्यावर?"

मी तिच्याशेजारी खाली बसले. आतमध्ये नवी सून उठली होती, बांगड्यांचा आवाज येत होता. तिनं हळूच "आत्या, चहा कुठं ठेवू?" विचारलं आणि अक्कानं "आले, आले" म्हणून ओ दिली.

मग ती उठली. जवळच पडलेल्या धडप्याची तिनं चुंबळ वळली, डोक्यावर ठेवली, त्या दिव्यांची दुरडी उचलून तिच्यावर ठेवली आणि हात खाली सोडले. अंगणात कुणी नव्हतं. ती गोठ्याकडे चालायला लागली. दुरडी जराही हलत नव्हती. गोठ्यापाशी जाऊन तिनं ती उतरवली, एकेक दिवा गाईच्या पुढं केला, आणि गाय ते कुरुमकुरुम खाऊ लागली.